पंधराशे बावीस

गुरुवारी छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून गाडी काढायची नसते. आठवडी बाजाराचा दिवस. बैल, शेळ्या, म्हशी, त्यांना टेम्पोत चढवणारे, त्यांचे दात बघणारे, त्यात पाऊस आला की रस्ताभर ताणलेल्या ताडपत्र्या. श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी सातलाच आम्ही या गर्दीच्या तोंडावर सापडलो. रात्रीपासून रिपरिप चालू होती. जीप चालवायला मामू. ते सगळ्या छावणीचे मामू आहेत, माझे एकट्याचे नव्हेत.

‘‘पैठण?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पैठण शेवटी. आधी कायगाव, मग नेवासा, शेवगाव, पैठण आणि परत. नाथसागराची पूर्ण चक्कर.’’

मामूंनी वायपर चालवून पाहिला. ‘‘पानी तो पानी है साहब. इधर से देखो, उधर से देखो.’’

भर पावसात किनाऱ्याकिनाऱ्यानं गाडी हाकायची, वाटेत बेटं बघायची, थांबून गरम भजी खायची, ही चैन कोकणातल्या माणसाला घरबसल्या मिळते. छावणीपासून खरा समुद्र तीनशे किलोमीटरच्या पुढे. आम्हाला त्याची उणीव भासू नये म्हणून जणू पैठणच्या जायकवाडी धरणानं गोदावरी अडवून नाथसागर नावाचा समुद्र करून दिला आहे. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी २७. पैठणच्या बांधावरून पावसाळी दिवशी पाहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, फेस येतो, होड्या असतात, मासे मिळतात. फक्त पाणी खारट नाही. ते आमच्या नळाला येतं.

शहर सोडण्याआधी मी गाडी लोखंडी पुलाकडे वळवायला लावली. इंग्रजी अमदानीतला हा पूल छावणी आणि शहर यांच्यामधल्या खाम नदीवर आहे. एरवी खाम म्हणजे नाला, असं आम्ही नाक दाबून म्हणत आलो. अलीकडच्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्था-उद्योगांनी मिळून नदीचा काठ स्वच्छ केला, पुलाजवळ बाग केली. त्या सकाळी खाम तांबडी होऊन वाहत होती. पाण्यावर बाटल्या, एक चप्पल, भिजून फुगलेली गादी. हे सगळं पुढे कुठं जातं, हे शहरात फार कुणी विचारत नाही. खाम नाथसागराला मिळते. म्हणजे आम्ही आणि हे पाणी एकाच ठिकाणी निघालो होतो. आधी कोण पोचतं, एवढंच बघायचं होतं.

वाळूजचा पाऊस, नाशिकचं पाणी

नगर नाक्यावरून डावीकडे वळलं की पुण्याकडे जाणारा रस्ता लागतो. वाळूजची औद्योगिक वसाहत, कारखान्यांच्या भिंती, रात्रपाळी सुटल्यावर रेनकोटांत गुंडाळलेल्या दुचाक्या. या वसाहतीची तहानही नाथसागरच भागवतो. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं इथल्या मद्य उद्योगांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात केली होती. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि आमच्याकडे बिअरच्या बाटलीमागे किती लिटर पाणी लागतं याचे हिशेब चहाच्या टपरीवर मांडले जात होते.

लिंबेजळगाव, ढोरेगाव, भेंडाळा. पावसाचा जोर वाढला. मामू खूश. ‘‘आज तो दर्या भर जाएगा.’’

इथं एक गोष्ट आम्हा मराठवाड्याच्या लोकांना लहानपणीच शिकवायला हवी. आपल्याकडे पडलेल्या पावसानं नाथसागर भरत नाही. आपला प्रदेश पर्जन्यछायेतला. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. धरणाच्या पाणलोटाचं क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर, आणि त्यातला खरा पाऊस पश्चिमेच्या डोंगरात पडतो. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, भंडारदरा. तिथली गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा ही धरणं आधी भरतात, मग गोदावरीवर नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून आणि प्रवरेतून पाणी सुटतं, आणि ते नेवासा-गंगापूर तालुक्यांच्या शिवेवरून दोनेक दिवसांत फुगवट्याला येऊन मिळतं. म्हणून इथल्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये लोक आभाळाकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघतात. ‘नांदूरमधून किती सुटलं?’ हा प्रश्न रामरामच्या जागी येतो. कोरडं ठणठणीत ऊन पडलेलं असतं आणि धरण मात्र रोज फुटाफुटानं वर चढत असतं.

धरणातलं पाणी किती, हे सरकारी कागद टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगतात. एकूण साठा सुमारे १०३ टीएमसी; त्यातला वापरता येणारा, म्हणजे जिवंत साठा सुमारे ७७, बाकीचा मृत. काठावरची माणसं टीएमसी बोलत नाहीत. ती समुद्रसपाटीपासूनची फुटातली पातळी बोलतात. पूर्ण भरलेलं धरण म्हणजे पंधराशे बावीस. ‘पंधराशे एकवीस झालं’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं की आता दरवाजे उचलणार, मोटारी वर ओढून घ्या, गंजी हलवा. बावीसला जो काठ, तो अठराला नाही. जमीन इतकी सपाट की पातळी एक फूट उतरली तर पाणी कित्येक एकरांवरून मागं सरकतं. कोकणातला किनारा पिढ्यान् पिढ्या जागेवर असतो. हा किनारा वर्षभर चालत असतो.

कायगाव, टोका आणि संगम

कायगावच्या पुलावर गाडी हळू घ्यायला लावली. डावीकडे गोदावरी रुंद होत होत दिसेनाशी होते. उजवीकडे ती नदी असते, डावीकडे धरण. पुलाच्या एका अंगाला जुने कायगाव, रामेश्वराचं देऊळ. पलीकडे टोका आणि प्रवरासंगम. पेशव्यांच्या काळात कायगावकर दीक्षित हे नाव सावकारीत मोठं होतं. त्या वैभवाच्या खुणा म्हणून दोन्ही काठांना दगडी देवळं उरली. टोक्याच्या सिद्धेश्वराच्या भिंतींवरलं कोरीवकाम पावसात भिजून काळंभोर झालं होतं. एरवी धुळीनं मिटलेले बारकावे पाण्यानं उघडे पडतात. मूर्तींच्या बोटांतल्या अंगठ्या मला पहिल्यांदा त्या दिवशी दिसल्या. देऊळ पाहायचं तर पावसात पाहावं.

घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या. वरच्या पायरीवर एक कुटुंब दहाव्याचे विधी उरकत छत्र्या सावरत बसलं होतं. गुरुजींनी पिंडाला पाणी सोडलं आणि सवयीनं म्हणाले, ‘‘दोन पायऱ्या राहिल्यात. परवापर्यंत ह्यापण जातील.’’ त्यांच्याकडेही पातळी मोजायचं स्वतःचं माप होतं.

पुढे नेवासा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी इथं ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब आजही आहे. १९५४ पासून इथल्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी उत्खनन केलं आणि अश्मयुगापासूनची वस्ती उजेडात आली. माणूस या काठाला इतक्या पूर्वी आला, कारण पाणी होतं. विसाव्या शतकात त्याच पाण्यामुळे इथल्या शंभराहून अधिक गावांना उठावं लागलं.

गाव उठलं तेव्हा

नेवाशाकडून शेवगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरून नाथसागर दिसत नाही. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पाणी बघायचं तर डावीकडे आत शिरावं लागतं, चिखलातल्या वाटांनी, विचारत विचारत. नकाशावर काठानं गोल रस्ता आहे असं वाटतं, तसा तो नाही. प्रत्येक वाट पाण्यात जाऊन संपते. आपण वळतो, पुन्हा हमरस्त्याला येतो, पुन्हा आत जातो. अशा एका वाटेनं आम्ही पुनर्वसित गावात पोचलो. पत्र्याची टपरी, चुलीवर कढई, मिरचीची भजी. आत बाकावर बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचे एक बाबा बसले होते. मामूंनी सलाम केला, त्यांनी रामराम घातला, आणि आम्ही कुठून आलो ते ऐकून म्हणाले, ‘‘छावणीचे का? मंग तुमी आमच्या शेतातलं पाणी पेता.’’

चेष्टेत बोलले. बरोबरच बोलले.

‘‘गाव उठलं तवा मी चौथीला व्हतो. गाड्यांत काय भरलं म्हणता? चौकटी, दारं, आढी. भांडीकुंडी मागून. आज्यानं सांगितलं, लाकूड पहिलं. नव्या जागी लाकूड कुठं मिळंल?’’

त्यांनी हात धरून घरी नेलं. सिमेंटच्या भिंतीत सागवानी चौकट बसवलेली. उंची आजच्या दारांपेक्षा वीतभर कमी. आत जाताना मी कपाळ आपटून घेतलं. उंबऱ्याच्या मधोमध खळगा पडलेला. जुन्या घरात चार पिढ्यांची पावलं पडून झिजलेला. नवीन चौकट करायला मुलं मागं लागतात, बाबा ऐकत नाहीत.

‘‘मावेजा?’’

‘‘मावेजा आज्याला मिळाला. किती, ते आज्याबरूबरच गेलं.’’

मावेजा हा आमच्याकडचा शब्द. निजामी कारभारातून उरलेला. नुकसानभरपाई या शब्दात नुकसान आधी येतं. मावेजा म्हटलं की एखादा व्यवहार झाल्यासारखं वाटतं. धरणाखाली सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन गेली. पैठण, गंगापूर, नेवासा आणि शेवगाव या चार तालुक्यांतली, नदीकाठची, बहुतेक काळी कसदार. नोंद व्यवहाराची असली तरी सौदा कुणी विचारून केला नव्हता.

‘‘पन जमीन पार गेली असंबी नाय,’’ बाबा म्हणाले. ‘‘दिवाळीनंतर पानी माघारी फिरतं. मंग आमची गाळपेर.’’

पाणी हटलं की मागं गाळ उरतो. त्यावर नांगर फारसा न घालता गहू, हरभरा, चारा, पुढे काकडी-टरबूज घेतात. ओल आयती असते. जमीन धरणाची, पेरा धरणग्रस्ताचा, तोही परवानगी घेऊन. ‘‘लय पाऊस झाला की आमचं शेत उशिरा उघडतं. पाऊस नाय झाला की लौकर उघडतं. पन मंग बाकीचं सगळंच करपल्यालं असतं.’’ सगळा मराठवाडा धरण भरू दे म्हणून देवाला साकडं घालतो, तेव्हा या माणसाचं शेत बुडत असतं. तो तरीही आमच्याच बाजूनं साकडं घालतो, कारण त्याचा मुलगा वाळूजला कारखान्यात आहे.

बेट असतं ते काही महिने

शेवगावातून घोटणमार्गे एरंडगावच्या बाजूला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पाऊस थांबला होता आणि पाणी, आभाळ, पलीकडचा काठ यांचा एकच राखाडी रंग झाला होता. त्या राखाडीत तीन-चार काळसर ठिपके. ती बेटं. नाथसागरात अशी तीसेक बेटं मोजतात. जुन्या टेकड्यांचे, उंचवट्यांचे माथे. १९८६ साली हा सगळा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात रोहित येतात, हिमालयापलीकडून पट्टकादंब येतात. श्रावणात त्यांच्यातलं कुणी नव्हतं. ओल्या बाभळीवर खंड्या, पाण्याच्या कडेला ढोकरी, आणि तारांवर सुगरणींची गडबड, एवढ्यावर भागवलं.

काठाला एक तरणा भोई जाळं उलगडत होता. त्याची होडी म्हणजे थर्मोकोलचे ठोकळे गोणपाटात शिवून केलेला तराफा. दोन माणसं जेमतेम बसतील एवढा. वल्ह्याच्या जागी फळीचे दोन तुकडे, दोन्ही हातांत एकेक.

‘‘भाऊ, त्या बेटावर काय आहे?’’

‘‘आत्ता? साप आन बगळे. मे महिन्यात या, शेळ्या चरत्यात.’’

‘‘बेटावर शेळ्या कशा नेता?’’

त्यानं माझ्याकडे शहरी माणसाकडे बघतात तसं बघितलं. ‘‘चालत. मे महिन्यात ते बेट कुठं असतंय?’’

दिवसभर जे दिसत होतं त्याचा अर्थ या एका उत्तरानं लागला. नाथसागरातलं बेट वर्षातले काही महिनेच बेट असतं. पंधराशे बावीसला ते बेट, पुढे टेकाड, आणि दुष्काळाच्या वर्षी नुसती माळरानावरची उंच जागा. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत धरण मृत साठ्यात गेलं, तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे काठ, देवळांची जोती उघडी पडली. लोक आपापलं घर शोधायला गेले. ज्यांना सापडलं त्यांनी मोबाइलवर फोटो काढले.

या बेटांचं आयुष्य ठरवणारे लोक बेटांपासून फार लांब बसतात. २००५ च्या कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप बंधनकारक केलं. मेंढेगिरी समितीनं सूत्र दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ मध्ये असं ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. वर नगर-नाशिकमध्ये आंदोलनं, खाली मराठवाड्यात आंदोलनं, मध्ये न्यायालय. वरचा शेतकरी म्हणतो आमचा ऊस वाळतो. खालचा म्हणतो आमचे नळ कोरडे. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण त्या दोघांच्या भांडणात हा भोई आणि मघाचे बाबा कुठल्याच बाजूला मोजले जात नाहीत. त्यांचं घर ना वर, ना खाली. ते पाण्यातच होतं.

तराफ्यात सात-आठ चिलापी आणि एक वांब होती. मामूंनी भाव केला, घासाघीस केली आणि शेवटी त्यानं सांगितलेल्या भावालाच मासे घेतले.

बांधावर

पैठणला पोचलो तेव्हा पुन्हा कोसळायला लागलं होतं. धरणाचा बांध सुमारे १० किलोमीटर लांब. मातीचा बांध, मध्ये दगडी सांडवा आणि त्याला २७ दरवाजे. १८ नेहमीचे, ९ आपत्कालीन. त्या दिवशी सगळे बंद होते. भरायला थोडं बाकी होतं. एका बाजूला बांधापर्यंत चढलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला कितीतरी खाली, खडकांतून वाहणारी किडकिडीत गोदावरी. २००६ च्या ऑगस्टमध्ये दरवाजे उचलले तेव्हा याच खालच्या अंगाला पैठण गावात पाणी शिरलं होतं.

मूळ योजना निजामी राजवटीतली, आणि जागा इथली नव्हे. ती होती खाली बीड जिल्ह्यात, जायकूचीवाडीजवळ. पुढे जागा शंभराहून अधिक किलोमीटर वर, पैठणला सरकली. नाव मात्र तेच राहिलं. म्हणून ज्या गावाच्या नावानं धरण ओळखलं जातं ते गाव धरणाजवळ नाही. शंकरराव चव्हाणांनी प्रकल्प रेटला. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत शास्त्रीजी गेले. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांची शेती त्यावर आहे. हे धरण नको होतं, असं म्हणणारा माणूस मला त्या दिवसभरात भेटला नाही. टपरीतल्या बाबांनीही तसं म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की पाणी पिणाऱ्यानं ते कुठून येतं, हे माहीत करून घ्यावं.

जलाशयाला संत एकनाथांचं नाव आहे. नाथांची समाधी इथलीच, १५९९ ची. पैठणचा बाजार, पैठणीच्या दुकानांतले दिवे, नाथांच्या वाड्याकडे जाणारी ओली गल्ली. सगळीकडे भटकायला वेळ नव्हता. अंधार पडत होता आणि मामूंना मासे आज घरी पोचवायचे होते.

नळाच्या वाटेनं परत

पैठणहून शहराकडे येणारा रस्ता म्हणजे आमच्या पाण्याचाच रस्ता. उपसा केलेलं पाणी ढोरकीन, बिडकीनच्या शिवारातून रस्त्याच्या संगतीनं मोठ्या जलवाहिन्यांतून येतं, फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढतं आणि तिथून शहरात उतरतं. धरण पैठणला, शहर त्याहून उंचावर. म्हणजे हे सगळं पाणी विजेच्या जोरावर चढवावं लागतं. पन्नास किलोमीटरवर समुद्राएवढं पाणी असूनही शहरातल्या कित्येक वस्त्यांना आठवड्यातून एकदाच पाणी मिळालं, त्याचं कारण धरणात नाही. ते मधल्या नळांत, पंपांत आणि वाढत गेलेल्या शहरात आहे. रस्त्याच्या कडेला नव्या योजनेच्या जाडजूड वाहिनीचे तुकडे दिसत होते. आत माणूस ताठ उभा राहील एवढे. पावसापासून आडोसा म्हणून त्यातल्या एकात दोन पोरं आणि एक कुत्रं बसलं होतं.

नक्षत्रवाडी उतरल्यावर मामू म्हणाले, ‘‘साहब, वो चाचा का दरवाजा देखा? इतना छोटा क्यूं था?’’

मी म्हटलं, जुन्या घरांची दारं तशीच असतात. वाकून आत जायचं.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाल्यासारखं, ‘‘मेरा सर भी लगा था.’’

नाथसागर बघायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एकदा श्रावण-भाद्रपदात जा, पातळी पंधराशे बावीसच्या जवळ असताना, आणि काठाची कुठली तरी एक जागा नीट लक्षात ठेवा: एखादं झाड, घाटाची एखादी पायरी. मग मे महिन्यात त्याच जागी पुन्हा जा. दोन्ही खेपा झाल्याशिवाय नाथसागर पाहिला असं म्हणू नका. आणि जाताना बाटल्या, पत्रावळ्या, निर्माल्य तिथं टाकू नका. ते शहरातून खाममार्गे आधीच पुरेसं पोचतंय.

रात्री नऊला छावणीत शिरलो. बाजार उठला होता. शेण, चिखल आणि तुटलेल्या दोऱ्या मागं राहिल्या होत्या. लोखंडी पुलाखाली खाम अजून जोरात होती. गादी मात्र पुलाच्या खांबाला अडकून बसली होती. ती पोचली नव्हती. घरी आलो, मासे धुवायला नळ सोडला. कोरडा. आमच्या गल्लीत पाण्याचा वार रविवार आहे.